पोट बारा महिन्यांचं, स्टायपेंड नऊ महिन्यांचा

परदेशी विद्यापीठाने पीएच.डी.साठी पैसे देऊ केले की मुकाट्याने सही करावी. वाढवून मागणं हा उर्मटपणा. मागितलं तर ऑफर जाते, आणि नाही गेली तरी मागून येणाऱ्या भारतीय मुलांचं नाव खराब होतं. बंगळुरूच्या जयनगरातल्या आमच्या मराठी वर्तुळातले एक ज्येष्ठ सद्गृहस्थ दर मार्चमध्ये, मुलांच्या हाती पत्रं पडू लागली की, हा उपदेश घरोघर वाटतात. फुकट असतो, एवढाच त्याचा गुण.

नाव खराब होण्याबद्दल काय बोलायचं? एका मुलीच्या ईमेलने देशाची अब्रू जात असेल तर ती आधीच गेलेली असणार.

ऑफर जाते म्हणे! अमेरिकेतल्या अनेक नामांकित विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा ठराव मान्य केला आहे. आर्थिक साहाय्यासकट आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आत उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नाही, असं तो सांगतो. ही मुदत कशाला दिली असेल? पत्र देव्हाऱ्यात ठेवून हळदकुंकू वाहायला?

खरी चीड येते ती या पैशांना दान समजण्याची. असिस्टंटशिप म्हणजे आठवड्याला साधारण वीस तासांची नोकरी : लॅब घ्या, पेपर तपासा, पहिल्या वर्षाच्या पोरांच्या शंका निस्तरा. पत्र नीट वाचलंय का कोणी? ‘ट्यूशन माफ’ हे ठळक असतं. दर सत्राच्या इतर फिया मात्र अनेकदा तुमच्याच खिशातून जातात. आरोग्यविम्याचा किती हिस्सा विद्यापीठ भरणार, हे शोधावं लागतं. स्टायपेंड पुष्कळदा नऊ महिन्यांचा असतो, घरभाडं बाराही महिने. त्यात डिपॉझिट ऑगस्टमध्ये आणि पहिला पगार बहुधा सप्टेंबरच्या अखेरीस. या फटी दाखवून ‘उन्हाळ्याचं काय?’ असं विचारणाऱ्या मुलीला हे सद्गृहस्थ उद्धट ठरवणार. स्वतः मात्र चौथ्या ब्लॉकच्या कॉम्प्लेक्ससमोर मीटरवर वीस रुपये जास्त मागणाऱ्या रिक्षावाल्याशी भर उन्हात हुज्जत घालतात, तीही अस्खलित कन्नडमध्ये.

दानाचंच म्हणाल तर सयाजीरावांएवढा दाता कोण? पण १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देताना बडोदे संस्थानानेही दहा वर्षं नोकरीचा करार लिहून घेतलाच. आणि आंबेडकरांनी लंडनच्या अभ्यासासाठी मुदत वाढवून मागितलीच. पुढे १९१७ मध्ये परतावं लागलं, हे खरं. म्हणून मागणं चुकलं, असं म्हणायची छाती कोणाची आहे?

मागून मिळत नाही, हेही ऐकवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या अखेरीस सुमारे ४८ हजार कर्मचारी, त्यात संशोधक विद्यार्थी मोठ्या संख्येने, संपावर गेले आणि पगारवाढ घेऊनच परतले. आपल्याकडे ज्युनियर रिसर्च फेलोशिप (जेआरएफ) २०२३ मध्ये दरमहा ३१ हजार रुपयांवरून ३७ हजारांवर गेली, तीही देशभरातल्या संशोधकांनी निदर्शनं केल्यावर.

मागे आमच्या वर्तुळात शिक्षणकर्जावरून वाद झाला, तेव्हाही सद्गृहस्थांचा हाच सूर होता. कर्ज काढून शिकणं म्हणजे घराण्याला बट्टा, आणि कर्ज काढून कनकपुरा रोडला प्लॉट घेणं म्हणजे दूरदृष्टी! तो वाद उपम्याच्या बशांबरोबर उचलला गेला, मिटला नाही.

मग करावं काय? दुसरं पत्र खरोखर हातात असेल तर विभागाच्या ग्रॅज्युएट डायरेक्टरला चार ओळी लिहाव्यात : तुमच्याकडेच यायची इच्छा आहे, पण दोन पत्रांत एवढा फरक पडतो, उन्हाळ्याचा पगार, फिया किंवा पहिल्या वर्षाची फेलोशिप यांतलं काही जमेल का? खोटा आकडा टाकू नये, धमकी देऊ नये. काही ठिकाणी पगार युनियनच्या कराराने ठरलेला असतो, तिथे तो हलत नाही, प्रवासखर्चाचं विचारावं. एम.एस.ला तर मुळात पैसेच क्वचित मिळतात. उत्तर नकाराचं आलं तर आभार मानावेत आणि १५ एप्रिलच्या आत काय ते कळवून टाकावं.