शिवारातले कान



पेठ वडगावच्या बाजारात कढई घेताना आपण तिचे कान आधी हलवून बघतो. चहाच्या कपालाही कान असतो. कानासारखा भाग कुठे बाजूला निघालेला दिसला की आपली बोली त्याला सरळ कान म्हणून मोकळी होते. पुस्तकात याच आकाराला ‘कर्णाकार’ म्हणतात. कर्ण म्हणजे कान. शब्द जड, पण अर्थ घरचाच.

रस्त्याकडेची ऑस्ट्रेलियन बाभूळ घ्या. तिची शेंग पिकली की पिळवटून कानासारखी दिसते. म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच ‘ऑरिक्युलिफॉर्मिस’ म्हणजे कर्णाकार हा शब्द आला आहे. लॅटिन भाषेत ऑरिक्युला म्हणजे छोटा कान.

आता कामाची गोष्ट. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या भातकऱ्यांना ठाऊकच आहे की तरव्यात सावा जातीचे गवत उगवते आणि ते हुबेहूब भातासारखे दिसते. तरवा उपटताना ते मुठीत येते आणि आपल्याच हातांनी आपण ते शेतात लावतो. मग भाताचे खत तेच खाते. भांगलणीत चूक झाली तर भात उपटला जातो आणि गवत राहते.

अशा वेळी कान बघा. पान खोडापासून सुटून बाहेर वळते तिथे ते हलकेच मागे ओढा. भात असेल तर सांध्यावर पातळ पांढरी जीभ आणि दोन्ही बाजूंना केसाळ, कोयत्यासारखे वळलेले दोन बारीक कान दिसतील. सावा गवताला जीभही नाही, कानही नाहीत. मात्र कोवळे पान बघा. जून पानाचे कान कधी कधी झडलेले असतात.

गव्हालाही असे कान असतात, ओटला नसतात. उसात ते जातीप्रमाणे कमीजास्त असतात. म्हणून उसाची जात ओळखताना जाणकार कांडी आणि डोळ्याबरोबर पानाचे कानही तपासतात.

तेव्हा येत्या पावसाळ्यात तरवा काढण्याआधी घरच्या सगळ्यांना, भांगलणीला येणाऱ्या बायाबापड्यांनाही, एकदा हे कान दाखवा. याला पैसा लागत नाही, औषध लागत नाही. उजेडात धरलेले एक रोप आणि घडीभराची सवड पुरते.