मुलांचे डोळे आणि बाजाराची दृष्टी

कामगाराच्या मुलाला चष्मा लागला की त्याचे खापर ताबडतोब घरच्यांच्या माथी फोडले जाते. आईने लक्ष दिले नाही, पोरगा मोबाइल सोडत नाही, घरात गाजर-पालेभाजी शिजत नाही, असा निवाडा होऊन प्रकरण मिटते. जबलपूरच्या रांझीत किंवा घमापुरात राहणाऱ्या कष्टकरी कुटुंबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारा हा निवाडा फार सोयीचा आहे. कारण त्यात शाळा, महानगरपालिका आणि सरकार तिघेही निर्दोष सुटतात.

वस्तुस्थिती वेगळी आहे. निकटदृष्टिता, म्हणजे जवळचे स्पष्ट व लांबचे धूसर दिसणे, हा विकार बहुतेक मुलांत नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबट झाल्याने जडतो. गाजर खाऊन तो आखूड होत नाही. लहान वयात लागलेला नंबर झपाट्याने वाढतो, आणि तो उणे ६ च्या पलीकडे गेला की पुढील आयुष्यात दृष्टिपटल सुटण्याचा व काचबिंदूचा धोका बळावतो. सतत जवळचे वाचन-लेखन आणि भरपूर उजेडाचा अभाव ही या विकाराची मोठी कारणे मानली जातात. दिल्लीच्या शाळकरी मुलांची एम्सने केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तीत १३.१ टक्के मुले निकटदृष्टीची आढळली, आणि दिवसाकाठी दोन तासांहून अधिक काळ घराबाहेर असणाऱ्या मुलांत हे प्रमाण कमी दिसले.

त्याच वर्षी चीनमधील ग्वांगझू शहराच्या प्राथमिक शाळांतील प्रयोगाचे निष्कर्ष जाहीर झाले. काही शाळांत रोज ४० मिनिटांचा एक तास उघड्यावर घेतला गेला. तीन वर्षांनी या शाळांतील ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता जडली होती; इतर शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होते. हा फरक कोणत्या महागड्या औषधाने घडवला नाही, तर शाळेच्या वेळापत्रकाने घडवला. जबलपूरच्या उन्हाळ्यात दुपारी मैदानावर जाणे अशक्य आहे, ही सबब येथे टिकत नाही. सकाळचा तास झाडाखाली घेतला तरी तेथील उजेड वर्गातल्या उजेडाच्या अनेक पट असतो. प्रश्न आहे तो शाळेला अंगण असण्याचा आणि ते मुलांसाठी राखण्याचा.

जबलपुरात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. आयुध कारखान्यांच्या वसाहतींत मोकळी मैदाने व झाडी आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या काढण्यात आल्या, आणि व्हेईकल फॅक्टरी, गन कॅरेज फॅक्टरी व खमरियाचा कारखाना तीन निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले. कंपनीच्या ताळेबंदात मैदान ही पडीक मालमत्ता ठरू शकते. मुलांच्या डोळ्यांच्या हिशेबात मात्र तेच औषध आहे.

ज्या मुलांना नंबर लागलाच आहे, त्यांच्यासाठी विज्ञानाने नवी साधने दिली आहेत. ॲट्रोपिनचे अतिसौम्य थेंब आणि विशेष रचनेची भिंगे नंबर वाढण्याचा वेग कमी करतात. ही साधने खोटी नाहीत. त्यांना विरोध करणे हा अडाणीपणा ठरेल. विरोध आहे तो त्यांच्या वाटपाच्या रीतीला. ही भिंगे साध्या भिंगांच्या अनेक पट किमतीला विकली जातात. म्हणजे नंबर कोणाचा थांबावा, हे बापाच्या पगारावरून ठरते. साध्या चष्म्याची कथाही निराळी नाही. दृष्टी सुधारणाऱ्या या वस्तूवर सरकार २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत १२ टक्के जीएसटी घेत होते. आता ५ टक्के घेते. मुलाला फळा दिसावा म्हणून कर तरी का द्यावा?

सरकार योजनांकडे बोट दाखवील. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. शाळेत तपासणी करणे त्यांत अंतर्भूत आहे, गरीब मुलांना मोफत चष्मा देण्याची तरतूदही आहे. परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे. चिठ्ठी घेऊन रांझीहून गढ्याच्या मेडिकल कॉलेजात जायचे तर आई किंवा बाप, कोणाची तरी दिवसाची मजुरी बुडते. वाढत्या वयात नंबर बदलत राहतो, चष्मा फुटतो. एकदा दिलेला चष्मा पुढच्या वर्षी पुरत नाही.

त्यातच 'चष्मा लावला की नंबर वाढतो' हा समज अजून घर करून आहे, आणि मुलीला चष्मा लागला तर तिचे लग्न कसे जमणार, ही चिंता त्याला खतपाणी घालते. मलेशियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिलेल्या मुलांचा नंबर उलट अधिक वेगाने वाढला. योग्य चष्मा नाकारणे म्हणजे मुलीचे डोळे आणि शिक्षण या दोहोंवर घाला घालणे होय.

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. प्रत्येक सरकारी शाळेत दरवर्षी डोळ्यांची तपासणी व्हावी आणि चष्मा शाळेतच, विनामूल्य मिळावा. तो फुटल्यास किंवा नंबर बदलल्यास नवा मिळावा. थेंब व विशेष भिंगे सरकारी रुग्णालयांतून गरजू मुलांना मिळावीत. नंबरच्या चष्म्यावरील कर पूर्णपणे रद्द व्हावा. रोज एक तास उघड्यावर घेणे शाळांना बंधनकारक असावे, आणि वसाहतींची मैदाने विकण्यास कायद्याने बंदी असावी. कामगार संघटनांनी वेतन व पेन्शनच्या मागणीपत्रात या मागण्यांचा समावेश करावा, पालकांच्या सभा बोलावाव्यात आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी उत्तर मागावे.