मालक मुसलमान, म्हणून क्लब आपला?

7 ऑक्टोबर 2021 रोजी सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने न्यूकॅसल युनायटेड हा इंग्लंडमधला जुना फुटबॉल क्लब विकत घेतला. व्यवहार सुमारे 30 कोटी पाउंडांचा, निधीचा वाटा 80 टक्के. सेंट जेम्स पार्क मैदानाबाहेर चाहते डोक्याला टॉवेल गुंडाळून, अरब बनून नाचले. आपल्याकडच्या फुटबॉलवेड्या मुस्लिम पोरांनाही अशा व्यवहारांचा अभिमान वाटतो. मँचेस्टर सिटी अबूधाबीचा, पॅरिस कतारचा, न्यूकॅसल रियाधचा. गोऱ्यांचा खेळ आता ‘आपल्या’ लोकांच्या मुठीत आला म्हणे!

मला हा अभिमान पोकळ वाटतो. मालक मुसलमान झाला म्हणून क्लब मुसलमानांचा होत नाही. मालक गोरा होता तेव्हा तो गोऱ्या चाहत्यांचा तरी कुठे होता?

न्यूकॅसलच्या जर्सीवर छातीपाशी कुणाकुणाची नावं येऊन गेली ते पाहा. नव्वदच्या दशकात तिथे गावातल्याच बिअरचं नाव होतं. पुढे नॉर्दर्न रॉक ही तिथलीच बँक आली. 2007 मध्ये तिच्या दारात ठेवी काढायला रांगा लागल्या, सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली, तरी नाव जर्सीवर होतंच. 2011 मध्ये तेव्हाचे मालक माइक अ‍ॅश्ली यांनी सेंट जेम्स पार्कलाच आपल्या दुकानांच्या साखळीचं नाव दिलं. 2013 पासून छातीवर आली वोंगा, पगार होईपर्यंतची नड भागवायला कर्ज देणारी कंपनी. तिचा दर वार्षिक हिशेबात 5 हजार टक्क्यांच्या वर जायचा. आपल्या गावातला सावकारही लाजला असता. 2017 पासून सट्टेबाजीची कंपनी, आणि 2023 पासून सेला, जी सौदी निधीच्याच घरातली आहे. दारू, बँक, सावकारी, सट्टा आणि शेवटी खुद्द मालक. काळे-पांढरे पट्टे मात्र तेच, कारण चाहता पट्ट्यांसाठी पैसे मोजतो.

यात एक माणूस अडून बसला होता. सेनेगलचा पापिस सिसे. 2013 च्या उन्हाळ्यात त्याने वोंगाची जर्सी घालायला नकार दिला. व्याज हराम, मग ते नाव छातीवर कसं मिरवू, असा त्याचा साधा सवाल. संघ सरावासाठी पोर्तुगालला गेला, तो गेला नाही. पुढे बोलणी झाली आणि त्याने जर्सी घातली. त्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण करारात बांधलेल्या खेळाडूच्या हातात असतं किती? त्याचा सवाल फक्त मुसलमानांचा नव्हता, हे जास्त महत्त्वाचं. न्यूकॅसल हे कोळशाचं आणि जहाजबांधणीचं शहर, दोन्ही धंदे बसले. तिथल्या कामगाराच्या पोराने ज्या क्लबवर जीव टाकला, तोच क्लब त्याला कर्जाची जाहिरात घालून फिरवत होता. वोंगा 2018 मध्ये बुडाली. स्टेडियमबाहेर आज चाहतेच गरिबांसाठी धान्य जमवतात.

आता ‘आपल्या’ मालकाबद्दल. या निधीचे अध्यक्ष युवराज मोहम्मद बिन सलमान आहेत. तरीही सौदी राज्यसत्तेचं क्लबवर नियंत्रण राहणार नाही, अशी कायदेशीर हमी मिळाल्याचं प्रीमियर लीगने सांगितलं. ज्याला पटेल त्याला पटो. 2018 मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात मारले गेलेले पत्रकार जमाल खाशोगी मुसलमान होते. लीड्समध्ये पीएचडी करणाऱ्या सलमा अल-शहाबला 2022 मध्ये ट्विटसाठी 34 वर्षांची शिक्षा सुनावली गेली, तीही मुसलमान. येमेनमध्ये ज्यांच्यावर बॉम्ब पडले ते कोण होते? उम्मतचा अभिमान स्कोअरबोर्डवर शोधणाऱ्यांनी ही नावंही पाठ करावीत.

पाश्चात्त्य माध्यमं दुटप्पी आहेत, हे मान्य. अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये मँचेस्टर युनायटेड कर्ज काढून घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं. तिथे ‘संस्कृतीचं संकट’ आलं नाही, अरब आले की येतं. पण त्यांच्या ढोंगाने आपली टाळी शुद्ध होत नाही.

कुणी म्हणेल, पैशाने करंडक तर आला! आला. मार्च 2025 मध्ये लिव्हरपूलला 2-1 हरवून न्यूकॅसलने लीग कप जिंकला, 1955 नंतरचा देशातला पहिला मोठा करंडक. त्या रात्री रडलेल्या म्हाताऱ्यांचा आनंद खोटा म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्याच क्लबमध्ये घरच्या सामन्याच्या तिकिटासाठी आता आधी पैसे भरून सभासद व्हायचं आणि मग सोडतीत नशीब आजमावायचं. 2023 मध्ये चाहत्यांचा लाडका सेंट-मॅक्सिमिन सौदीच्या अल-अहलीला विकला गेला. घेणाऱ्याचा मालक कोण? तोच निधी.

हे असंच चालतं, असंही नाही. जर्मनीत ‘50 अधिक 1’ नियम आहे. एकदोन अपवाद सोडले तर क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांकडेच राहतात. तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचं ठरवलं तेव्हा चाहत्यांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तो बेत गुंडाळावा लागला.

असा मतदानाचा हक्क नसला की काय होतं, ते पाहायला इंग्लंडला जायची गरज नाही. इंडियन सुपर लीगमध्ये 2014 ला एफसी पुणे सिटी आला. बालेवाडीच्या स्टेडियमवर लोक त्याच्यासाठी घसा फोडत होते. 2019 मध्ये मालकांनी क्लब गुंडाळला, त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली आणि 2025 मध्ये तीच दिल्लीला. दुकानाचा गाळा बदलावा तशी. बालेवाडीत ओरडणाऱ्यांपैकी एकाचंही मत त्यात घ्यावं लागलं नाही.