बीबीचं घर, घरातली मंडळी

बीबी कुठे आहे? सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉफी मशीनपाशी हा प्रश्न टाकून बघा. बहुतेक जण म्हणतील, टीव्हीत! 'बिग बॉस'च्या फॅन्सनी शोचं नावच बीबी करून टाकलंय. पण बॉस, खरंखुरं बीबी बुलढाणा जिल्ह्यात आहे, लोणार तालुक्यात. तेच लोणार, जिथे उल्का आदळून सरोवर झालं. आता समजा, त्या बीबीतल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला या बीबीत एण्ट्री मिळाली. गावात बॅनर लागतील, हलगी वाजेल. पण पुढे काय? घरात शिरल्यावर तिचं कुणाशी जमेल? आजचा आपला विषय हाच.

मूळ आयडिया नेदरलँड्सची. तिथे १९९९ मध्ये 'बिग ब्रदर' सुरू झालं, २००६ मध्ये हिंदी 'बिग बॉस' आलं आणि २०१८ मध्ये मराठी. फंडा एकदम साधा. अनोळखी माणसं एका घरात कोंडायची, फोन काढून घ्यायचे, किचन एकच ठेवायचं आणि दर आठवड्याला एकमेकांना नॉमिनेट करायला लावायचं. भांडणासाठी वेगळी स्क्रिप्ट लागत नाही. पोळ्या कोण लाटणार आणि भांडी कोण घासणार, एवढ्यावर एपिसोड निघतो.

मराठीच्या पहिल्या सीझनमध्ये बरेच चेहरे एकाच इंडस्ट्रीतले होते. उषा नाडकर्णी, रेशम टिपणीस, सुशांत शेलार, भूषण कडू. पत्रकार अनिल थत्तेंसारखा एखादा अपवाद. तरीही शो रंगला, कारण मेघा धाडे, सई लोकूर आणि पुष्कर जोग यांचं त्रिकुट जमलं आणि शेवटी शेवटी त्यालाच तडे गेले. मेघा जिंकली, पुष्कर दुसरा आला. म्हणजे सगळे एका गल्लीतले असले तरी केमिस्ट्री होऊ शकते. मग गावोगावची माणसं आणायची कशाला?

उत्तर २०१९ मध्ये मिळालं. दुसऱ्या सीझनमध्ये लावणीवाल्या सुरेखा पुणेकर आल्या, साताऱ्याचे अभिजीत बिचुकले आले, गायिका वैशाली म्हाडे आली. आणि अमरावतीचा शिव ठाकरे आला. बीबी ज्या अमरावती विभागात येतं, त्याच विभागाचा हा पोरगा. आधी 'रोडीज'मध्ये चमकलेला, पण मराठी इंडस्ट्रीत त्याचा गॉडफादर कुणी नव्हता. जिंकला तोच. पोरगा टास्क जीव तोडून खेळायचाच, पण आपल्या ग्रुपची रेघ ओलांडून समोरच्यांत मिसळायचाही. वीणा जगतापशी जमलेली त्याची जोडी आठवतेय ना?

इथून कास्टिंगवाल्यांना नकाशाच सापडला. एक कीर्तनकार, एक रीलस्टार, एक आगरी गायक, एक आंदोलक. यादी मस्त दिसते. गोची अशी की प्रत्येक जण एकेक नग म्हणून आत जातो आणि आख्खं गाव, आख्खा समाज पाठीवर घेऊन वावरतो. कीर्तनकार शिवलीला पाटील २०२१ मध्ये घरात गेल्या. तब्येतीमुळे लवकर बाहेर पडल्या, पण 'कीर्तनकाराचं तिथे काय काम' ही टीका बाहेर त्यांच्या नावाने झालीच. २०२४ मध्ये पुरुषोत्तमदादा पाटील गेले, तर घराबाहेर पडणारे ते पहिलेच. नटाने भांडी घासली नाहीत तर तो एकटा आळशी ठरतो. 'नमुना' म्हणून आणलेल्याने घासली नाहीत, तर त्याचे सगळे गाववाले आळशी!

सूरज चव्हाणची गोष्ट म्हणूनच नीट बघण्यासारखी आहे. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, शिक्षण अर्धवट सुटलेला, आई-वडील लहानपणीच गेलेले. २०२४ च्या घरात त्याच्यासोबत वर्षा उसगांवकर, निक्की तांबोळी, पॅडी कांबळे, 'कोकण हार्टेड गर्ल' अंकिता वालावलकर, कोल्हापूरकडचा धनंजय पोवार आणि चक्क परदेशी इरिना. सुरुवातीला सूरज गप्प गप्प होता. नियम, डावपेच, सगळंच त्याच्यासाठी नवं. पॅडी आणि अंकिता त्याच्या बाजूने उभे राहिले नसते, तर तो एका कोपऱ्यातला 'बिचारा' होऊन राहिला असता. ६ ऑक्टोबर २०२४ ला तो जिंकला आणि दुसरा कोण आला? २००५ मधला पहिला 'इंडियन आयडॉल' अभिजीत सावंत!

'सिम्पथीवर जिंकला' ही कुरकुर तुम्हीही ऐकली असेल. कदाचित केलीही असेल. पण नुसती सिम्पथी पुरली असती तर पुढचंही सगळं सोपं गेलं असतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याला घेऊन केदार शिंदेंचा 'झापुक झुपूक' आला, तेव्हा थिएटरात मतांसारखी गर्दी झाली नाही. मला वाटतं, लोकांना एकटा सूरज आवडला नव्हता. पॅडीजवळ बसलेला, अंकिताकडून बोलणी खाणारा, निक्कीसमोर उभा राहणारा सूरज आवडला होता. ते घर त्याच्यासोबत थिएटरात कसं येणार?

हिंदीतही हेच दिसलं. सोळाव्या सीझनमध्ये शिव ठाकरे, पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन, ताजिकिस्तानचा अब्दू रोजिक, साजिद खान, निमृत आणि सुंबुल यांचा ग्रुप जमला. नाव पडलं 'मंडळी'. हिंदी शोमध्ये आपला अस्सल मराठी शब्द! यांची भाषा एक नाही, वय एक नाही, बँक बॅलन्स तर नाहीच नाही. स्टॅन अधूनमधून 'मला घरी जायचंय' म्हणायचा आणि मंडळी त्याला धरून ठेवायची. फेब्रुवारी २०२३ च्या फायनलमध्ये शेवटचे दोघे उरले ते स्टॅन आणि शिव. घरी जायचं म्हणणाराच ट्रॉफी घेऊन गेला.

आता जरा आपल्या फ्लोअरकडे बघा. एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये एक विदर्भ, एक कोकण, एक मराठवाडा, सगळे फोटोत हसताहेत. पण दीड वाजता डबे उघडले की कोण कुणाच्या टेबलवर बसतं? बुलढाण्याहून आलेली नवी मुलगी मीटिंगमध्ये 'करून राहिली' म्हणाली की कोण हसतं, आणि हसणाऱ्याला कोण थांबवतं? तिला 'आमची विदर्भाची' म्हणून मिरवणारे खूप असतात. क्लायंट कॉलच्या आधी पाच मिनिटं शेजारी बसून डेक समजावणारा एखादाच. तो नसेल तर ती सहा महिन्यांत पेपर टाकते आणि एचआर दुसरी 'विदर्भाची' शोधायला लागतं.

घरात फक्त फरक एवढाच, की तिथे कॅमेरा असतो आणि पॅडी कोण ते आख्ख्या महाराष्ट्राला कळतं. तेव्हा पुढच्या सीझनला कोण कुठून आलं हे मोजून झालं, की पहिल्या आठवड्यात कोण कुणाला ताट वाढतंय तेही बघा. आणि आज लंचला तुमच्या टेबलवर एक खुर्ची रिकामी असेल, तर हाक मारायला बिग बॉसच्या आदेशाची वाट बघू नका.