पीएचपीच्या पडद्याआडचे गाणे

मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ पासून विसावले आहेत. साताऱ्याच्या डोंगरात राहणाऱ्या खालाजानला त्यांची ठुमरी ऐकायची होती. तिकडे नेट टिकत नाही, म्हणून फाइलच पाठवायची ठरली. आम्ही सांगलीत आमच्या लिनक्स संगणकावर दुवा उघडला, तर शेवटी एमपी३ ऐवजी पीएचपी! उतरवले तर गाण्याऐवजी नुसते वेबपान हाती आले.

पीएचपी हा सर्व्हरवरचा दरबान. मागणी पाहतो, मगच आतली फाइल सोडतो. अशा वेळी ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, ‘नेटवर्क’मधले ‘मीडिया’ निवडा आणि गाणे सुरू करा. फाइलचा खरा पत्ता तिथे दिसतो. तो अवतरणचिन्हांत घालून ‘डब्ल्यूगेट’ला द्या. उतरलेले गाणेच आहे ना, हे ‘फाइल’ ही आज्ञा सांगते.

मात्र दरबान पैसे किंवा पासवर्ड मागत असेल, तर मागच्या दाराने शिरू नये. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. खाँसाहेबांच्या हयातीतल्या तबकड्यांची मुदत कधीच सरली, म्हणूनच आम्ही ती ठुमरी खालाजानला बेधडक पाठवली. मुलांनाही हेच शिकवू या: आधी हक्क पाहा, मग कळ दाबा.