शब्दातीत वेदनेची सोय

वेदना शब्दातीत असते, हे विधान आपल्या साहित्यव्यवहारात इतके रुळले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कुणालाच वाटत नाही. परिसंवादात ते वाक्य उच्चारले की माना डोलतात. मग एलेन स्कॅरी यांच्या १९८५ च्या ‘द बॉडी इन पेन’चा उल्लेख होतो. साध्या डोकेदुखीसाठीही इंग्रजीकडे शब्द नाहीत, ही व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावरील निबंधात केलेली तक्रार सांगितली जाते, आणि चहाची वेळ होते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे, की निदान एका मोठ्या आजारसमूहाच्या बाबतीत हे विधान खोटे आहे. खोटे असूनही ते चालते, कारण ते सोयीचे आहे: समीक्षकाला आणि घाईत असलेल्या डॉक्टरलाही.

हा आजारसमूह म्हणजे अनेक सांध्यांचे जुनाट दुखणे. एखादी बाई म्हणते, ‘सकाळी कणीक मळता येत नाही, दहा वाजले की येते.’ या वाक्यात काळ आहे, क्रिया आहे आणि दुखण्याचा उतारही आहे. सांध्यांना दाह असेल, उदाहरणार्थ ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस असेल, तर सकाळचा ताठरपणा बहुधा तासभर किंवा त्याहून अधिक टिकतो आणि हालचालीने सैल होतो. झिजेच्या विकारात तो सहसा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो आणि दुखणे कामाने वाढते. कणकेचे ते वाक्य ऐकणाऱ्याला निम्मी वाट तिथेच सापडते. ‘धुण्याला पिळा घालवत नाही’, ‘बांगडी चढत नाही’, ‘जोडवी रुततात’ ही तिची पुढची वाक्ये हातापायांच्या लहान सांध्यांकडे आणि त्यांवरच्या सुजेकडे बोट दाखवतात. आखडणे आणि दुखणे यांत ती फरक करते. ठणका, कळ, चमक, ठसठस आणि ओढ यांची ती गल्लत करत नाही. केसपेपरवर मात्र या सगळ्याचे ‘जॉइंट पेन’ होते. अशा कागदासमोर वेदना शब्दातीत असते असे म्हणणे म्हणजे बोलणाऱ्या माणसाला मुके ठरवणे होय.

स्कॅरी यांच्यावरही यात थोडा अन्याय होतो. त्यांचा ग्रंथ मुख्यतः छळ आणि युद्ध यांविषयी आहे. त्याच्याच प्रस्तावनेत रोनाल्ड मेलझॅक यांच्या मॅकगिल प्रश्नावलीची दखल आहे. मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची ७८ विशेषणे वीस गटांत मांडली, आणि ती डॉक्टरांना वापरायला दिली. आपल्या परिसंवादांतून नेमका हा भाग गळतो.

दोष सगळा दवाखान्याचा आहे असेही नाही. ‘संधिवात’ हा आपला लाडका शब्द झीज, दाह, गाउट, सोरायसिसबरोबर येणारे सांधेदुखणे, ल्युपस आणि चिकुनगुन्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणारी दुखणी अशा सगळ्यांना एकाच गोणीत भरतो. ‘माधवनिदाना’त आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्याच्या वेदनेला विंचवाच्या दंशाची उपमा आहे; म्हणजे भेद करण्याची सवय इथे जुनीच होती. आज पस्तिशीतल्या बाईलाही ‘वाताचे आहे, वयाचे आहे, थंड खाऊ नका’ असे ऐकून घरी यावे लागते. ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीन पट अधिक होतो. पहिल्या काही महिन्यांत नेमके उपचार सुरू झाले तर सांध्यांची हानी पुष्कळशी रोखता येते. ते महिने ‘वाता’त जातात, आणि कधीकधी स्टेरॉइड मिसळलेल्या निनावी पुड्यांत.

यावर ठरलेला आक्षेप येतो: कथा काय ऐकायची, रक्त तपासा. रक्त जरूर तपासावे. पण ऱ्हुमेटॉइड फॅक्टर काही निरोगी वृद्धांत आणि क्षयासारख्या संसर्गातही पॉझिटिव्ह येतो, तर आजार असलेल्या बऱ्याच रुग्णांत तो निगेटिव्हच राहतो. मग त्या बाईला कळते ते एवढेच, की ‘काही निघाले नाही.’ या आजाराच्या १९८७ च्या अमेरिकी निकषांत सकाळचा किमान तासभराचा ताठरपणा पहिल्या क्रमांकावर होता. २०१० च्या निकषांतून तो वगळला गेला. तिथे दहापैकी रक्ताच्या चाचण्यांना अधिकात अधिक चार गुण आहेत, आणि दुखणे सहा आठवडे किंवा अधिक काळ आहे या रुग्णाच्या सांगण्याला एक. हे निकष संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता आहेत, आजार लवकर ओळखता यावा हा बदलामागचा हेतूही रास्त होता, हे मान्य. तरी कुणाच्या शब्दाला किती गुण, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला अस्वस्थ करायला हवा.

विचारल्याने काय होते याचे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. १९९६ साली भिगवण येथे कॉपकॉर्ड या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाखाली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वेक्षण केले. गावातल्याच प्रशिक्षित स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन दुखते का, कुठे, केव्हापासून, असे विचारले. डॉक्टरांची तपासणी त्यानंतर आली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना हाडे, सांधे आणि स्नायूंचे दुखणे आढळले. ही माणसे त्याआधी मुकी नव्हती.

आपल्या विद्यापीठांतील मराठी विभाग बोलींचे शब्द गोळा करतात, ओव्या गोळा करतात. जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या बाकावर बसून दुखण्याची क्रियापदे गोळा करणारा एखादा विद्यार्थी मात्र विरळाच. ते काम ‘वेदनेचे सौंदर्यशास्त्र’ या विषयावरच्या पंधराव्या प्रबंधापेक्षा अवघड आहे खरे. तिथे उकाडा असतो आणि बाके मोडकी असतात.

निदान झाले तरी भाषेचा प्रश्न सुटत नाही. या आजारावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. चिठ्ठीवर हे इंग्रजीत, आणि तेही संक्षेपात लिहून मिळते. तिथे ‘दर रविवारी, फक्त रविवारी’ असे मराठीत लिहून मागायला कोणत्याही वेदनेच्या सिद्धांताची आडकाठी नाही.