संशय म्हणजे पुरावा नव्हे

रात्री अकराच्या सुमारास सोलापुरातील सात रस्ता चौकात पोलीस एका दुचाकीस्वाराला थांबवतात, अशी कल्पना करू. त्याचे डोळे तांबारलेले, पाऊल अडखळते, बोलणे तुटक आहे. तो मद्यपी असेल किंवा बारा तास यंत्रमागापुढे उभा राहून घरी निघालेला कामगारही असेल. केवळ पाहून हा भेद कळेलच असे नाही.

म्हणूनच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ ने मोजमापाचा निकष घातला. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क चाचणीत आढळला पाहिजे. पहिल्याच गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढी शिक्षा अंदाजावर उभी राहू नये.

हा अधिनियम येण्यापूर्वीच, १९७१ मध्ये, महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही दिशा दाखवली होती. दारूचा वास, डळमळती चाल, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपान निर्विवाद सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने मानले. रक्त तपासणीस गेले होते. अहवाल मात्र न्यायालयापुढे आला नव्हता.

अशाने दोषी सुटतात, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ते सुटतात ते निकष कडक असल्यामुळे नव्हे, तपास ढिला राहिल्यामुळे. चौकातील निरीक्षणाने संशय घ्यावा आणि चाचणीकडे न्यावे. तेथे त्याचे काम संपते. वेळेत घेतलेला नमुना थकलेल्या कामगाराला वाचवतो, तसाच मद्यपीच्या वाहनाखाली सापडलेल्याच्या कुटुंबालाही न्यायाच्या जवळ नेतो.